थोबाडाची पैज

"डास मारला तर?" दामूअण्णानं विचारलं.

"डास चालेल," मी म्हणालो. "डास सोडून कशावरही हात उचललास की तू हरलास. माणूस, टेबल, भिंत, काहीही."

"झुरळ?"

"तिथं झुरळाला आत घेत नाहीत अण्णा. आपल्याला घेतील का, तीच शंका आहे."

तांबट आळीत त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून आमचं हे चाललं होतं. ठोकाठोक चहापुरती थांबली होती. समोरच्या गोदाक्का, वय ऐंशीच्या घरात, आळीतल्या प्रत्येक भांडणाच्या पंच, बशीतला चहा फुंकत ऐकत होत्या. हरेल त्यानं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पार्टी. त्या म्हणाल्या, पार्टीनं आजवर कुणाची अक्कल ठिकाणावर आलेली नाही. हरेल त्यानं रविवारी सकाळी दहाला चौकात उभं राहायचं आणि सगळ्या आळीदेखत जिंकणाऱ्याच्या हातची एक थोबाडीत खायची. तोंड वळवायचं नाही.

मला तर उकळ्याच फुटल्या. दामूअण्णानं आयुष्यात कुणाची थोबाडीत खाल्ली नव्हती. तो मारायचा. चाळीस वर्षं तांब्याचा पत्रा ठोकून त्याचा उजवा हात डाव्याच्या दीडपट झाला होता, आणि दुकान बंद झालं तरी तो हात काही बंद व्हायचा नाही. गिऱ्हाइकाच्या कानाखाली त्यानं काढलेली मी तीनदा पाहिलीय, त्यातला एक तर नगरसेवकाचा मेहुणा होता. मी स्वतः चार खाल्ल्या होत्या. चारही कमावलेल्या. एकदा त्याच्या बनियनमध्ये खाजकुयली टाकली होती, बाकीच्या तीन सांगण्यासारख्या नाहीत.

पण या वेळी प्रश्न हृषीचा होता.

हृषी म्हणजे अण्णाचा एकुलता मुलगा. सव्वा वर्षापूर्वी पायातल्या स्लिपरांवर घर सोडून गेलेला. भांडण कल्हईवरून झालं होतं. नुसत्या तांब्यात पाणी ठेवा आणि खुशाल प्या, पण ताक, चिंच, आमसूल असलं आंबट काही घातलं की तांबं त्यात उतरतं, जिन्नस कळकतो, आणि खाणारा ओकून ओकून आडवा होतो. म्हणून भांड्याला आतून कथलाची कल्हई. आमच्याकडं पोरांना हे अक्षर कळायच्या आधी कळतं. हृषीला नदीपलीकडच्या एका मोठ्या हॉटेलनं वाट्यांचं काम दिलं. नाव सांगत नाही, उगाच परत भांडण नको. हॉटेलवाल्याला वाटी आतूनही लाल पाहिजे होती, दिव्याच्या उजेडात चमकते म्हणे. अण्णा म्हणाला, बिनकल्हईची वाटी या दुकानातून जाणार नाही. हृषीनं त्याच्या पाठीमागं दोनशे वाट्या पोचवल्या.

अण्णाला कळलं तेव्हा त्याच्या हातात लाकडी हातोडा होता. पहिला घाव हृषीच्या खांद्यावर बसला. दुसरा बसायच्या आत हृषीची आई, इंदूवहिनी, मधे पडल्या आणि त्यांचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ते हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या दुकानात ऐकला. धावत गेलो, आळीतल्या आम्ही तिघांनी मिळून अण्णाला भिंतीशी दाबून धरलं, तोवर हृषी आळीच्या बाहेर पडला होता.

आता त्याचा आईला फोन आला होता. अण्णांना त्याच हॉटेलात जेवायला घेऊन ये, म्हणाला. वाट्यांना आतून कल्हई करून घेतलीय, त्यांना सांग. आपलं काम टेबलावर कसं दिसतं ते त्यांनी एकदा बघावं. आणि या खेपेला त्यांनी हात उचलला तर आई, मी परत फोनसुद्धा करणार नाही.

वहिनी जायला तयार नव्हत्या. त्यांनी मला घरात बोलावून पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाल्या, "रंगाभावजी, तुम्ही जा यांच्याबरोबर. यांना हसवत ठेवा."

म्हणून आम्ही दोघं गेलो. अण्णा लग्नातला कोट घालून, मी भाच्याचे बूट घालून.

दारात एक माणूस फक्त दार उघडायला होता. त्याच्यामागं एक मुलगी फक्त नमस्कार करायला. आत इतका अंधार की मला वाटलं वीज गेली. हृषी टेबलाशी उभा होता. वाळला होता, चष्मा लागला होता, पण अंगात जाकीट आणि केस विंचरलेले. तो वाकला, अण्णानं पाय मागं घेतले नाहीत. एवढ्यावरच मी मनात पहिला नारळ फोडला.

अण्णा बसला तो उजवा हात मांडीखाली दाबून. पैज म्हणजे पैज. डाव्या हातानं पाणी प्यायला लागला, तेव्हा वेटरला वाटलं हे डावखुरे आहेत, त्यानं अदबीनं सगळे काटेचमचे उचलून त्या बाजूला लावले.

अकरा पदार्थ होते. एकेक यायचा, त्याच्याबरोबर वेटर यायचा आणि पदार्थापेक्षा मोठं भाषण करायचा. पहिल्यांदा काळ्या दगडावर एक चमचा आला, चमच्यात सुपारीएवढी गोळी. वेटर म्हणाला, ही वरणभाताची आठवण आहे.

"आठवण राहू दे," अण्णा म्हणाला, "वरणभात आण."

आम्ही तांबट लोक. ठोकाठोकीत जन्म गेलेला. आमचं हळू बोलणं शेजारच्या पेठेत जातं. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. हृषीचे कान लाल झाले, पण तो हसला. दुसरा पदार्थ पिठल्याचा फेस. खरंच फेस, दाढीला लावतात तसा, आणि त्यावर ठेच्याचे तीन ठिपके. तिसऱ्याला काचेचा घुमट आला, आत धूर. वेटरनं घुमट उचलला, धूर गेला, मी आणि अण्णा वाकून बघतोय, तर आत भाकरीचा तुकडा, नखाएवढा. अण्णानं घुमट परत उचलून आतून तपासला, बाकीची भाकरी आत चिकटलीय का म्हणून. आधीची भांडीही त्यानं वेटरला उचलू दिली नाहीत, जेवण आल्यावर बघू म्हणाला.

मधल्या वेळात मी माझं काम करत होतो. टेबलाखालून अण्णाच्या नडगीवर लाथ मारली. कुल्ल्याला चिमटा काढला. चौथ्या पदार्थाच्या वेळी त्याच्या पुढ्यातला एकुलता एक वाटाणा उचलून खाल्ला. तो दात खाऊन माझ्याकडं बघायचा आणि मग त्याचं पोट हलायला लागायचं. वहिनींनी सांगितलं होतं तसं तो हसत होता. पोटात काही नव्हतं, पण हसत होता.

हृषीनं वर बोट दाखवलं. छताला तांब्याचे दिवे टांगले होते, मठारकाम केलेले, प्रत्येक ठोक्याचा डाग वेगळा चमकत होता. म्हणाला, हे मी केलेत अण्णा, एकट्यानं. अण्णा बराच वेळ मान वर करून बघत राहिला.

"काम बरं आहे," तो म्हणाला.

पोराच्या जन्मात बापाच्या तोंडून हे पहिलं. हृषीला काय करावं कळेना. त्यानं उगाच ग्लास तोंडाला लावला, रिकामा होता तरी.

मग सातवा पदार्थ आला. सोलकढी. वाटीत.

अण्णानं डाव्या हातानं वाटी उचलली, दिव्याकडं तिरकी धरली. मी माझी बघितली. आतून लाल. कल्हईचा ठिपका नाही. कढीच्या काठाशी बारीक हिरवी रेघ धरलेली. कढी ओतून बराच वेळ झालेला असणार. हृषी मांडीवरच्या रुमालाकडं बघत होता.

"कल्हई केली म्हणालास," अण्णा म्हणाला. आवाज खरंच हळू होता. मी त्याला इतकं हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"अण्णा, इथं नको."

"आईला फोनवर म्हणालास, केली."

"ते नाही म्हणाले. मी विचारलं होतं. आणि लोक दोन मिनिटांत पितात अण्णा, एवढ्या वेळात काही होत नाही. पुढचं सगळं काम यांच्याच दुसऱ्या हॉटेलांचं आहे. मी तुम्हाला बोलावलं ते हे सगळं बघायला. वाटीत काय बघताय?"

शेजारच्या टेबलावर एका म्हातारीचा वाढदिवस चालला होता. तिच्या पुढ्यातही वाटी ठेवली गेली. तिच्या नातवंडांच्याही. वेटर तबक घेऊन सगळीकडं फिरत होता.

अण्णानं मांडीखालचा उजवा हात बाहेर काढला.

त्या हाताशेजारी मी पंचवीस वर्षं काम केलंय. तो पडायच्या आधी खांदा बोटभर मागं जातो. तेवढंच. नवख्याला दिसत नाही. मला दिसला. हृषीलाही दिसला, कारण तो मागं सरकला नाही, त्यानं हात वर केला नाही. त्यानं फक्त चष्मा काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

मी उठलो आणि हृषीच्या थोबाडीत मारली.

हातचं राखून नाही. पंचवीस वर्षांचा ठोकलेला हात माझाही आहे. पोरगं खुर्चीसकट उताणं पडलं. धुराचा घुमट त्याच्यावर पडून फुटला, ओठ फाटला, टेबलावरचा चष्मा खाली पडून माझ्याच बुटाखाली आला. अण्णाचा हात हवेत होता आणि ज्याला मारायचं त्याला कोणीतरी आधीच मारलं होतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"माझ्या पोराला हात लावतोस?"

आणि तो हात आला. मी चार खाल्ल्या होत्या म्हणालो ना, त्या चारही एकत्र केल्या तरी ही मोठी होती. मी टेबलावरून पलीकडं गेलो. दाढेनं तोंडातल्या तोंडात जागा सोडली. पिठल्याच्या फेसात लाल थेंब पडले आणि वेटरची ताटं पहिल्यांदा खरी सुंदर दिसली. मी जमिनीवर आडवा पडून रक्त थुंकत हसत होतो.

"हरलास अण्णा," मी म्हणालो. "मी काय डास नव्हतो."

पुढचं फार भराभर झालं. दोन दांडगे पहारेकरी आले, काळे टीशर्ट, मानेइतके दंड. एकानं अण्णाला मागून आवळलं. त्यानं कधी तांबट आवळला नसावा. अण्णानं त्याला कोटासकट पुढं घेतलं आणि केकच्या गाडीवर आपटलं. दुसरा माझ्या छातीवर बसला, मी त्याच्या पोटरीला चावलो, आणि खरं सांगतो, त्या रात्री तोंडात भरलेला तो पहिला मोठा घास. वेटर धावले. खुर्च्या उडाल्या. पहिला पहारेकरी केकमधून उठला आणि अण्णाच्या गळ्याला मागून दंडाचा वेढा घातला. अण्णाचे डोळे पांढरे व्हायला लागले. तेव्हा खालून हृषी उठला. ओठातून रक्त, चष्मा नाही. त्यानं वरणभाताच्या आठवणीचा तो काळा दगड उचलला आणि पहारेकऱ्याच्या पाठीत घातला. पहारेकरी गुडघ्यावर आला. अण्णा खोकत सुटला.

आणि या सगळ्या धुमाळीत शेजारच्या टेबलावरची म्हातारी, नाटक बघावं तशी आमच्याकडं बघत, वाटी तोंडाला लावत होती.

हृषीला ती दिसली. मला वाटतं, चष्मा नव्हता म्हणून त्याला म्हातारी दिसली नसेल, नुसता वाटीचा लाल रंग दिसला असेल. तो दोन ढांगांत तिथं पोचला आणि त्यानं तिच्या हातून वाटी काढून घेतली.

"आजी, पिऊ नका," तो म्हणाला. मग मान वर करून, अस्सल आळीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकवलं. "कुणी पिऊ नका. या वाट्या मी केल्यात. आतून कल्हई नाही. आंबटात तांबं उतरतं, विषबाधा होते. मला ठाऊक होतं."

लोकांनी वाट्या अशा खाली ठेवल्या, जणू हातात निखारा आला. हृषी टेबलाटेबलावरून वाट्या गोळा करत गेला, कढी बर्फाच्या बादलीत ओतत. मॅनेजर आतून धावत आला. त्याला आधी वाटलं हृषी दारू प्यायलाय. मग ऐकू काय येतंय ते कळलं, तेव्हा त्यानं हृषीची कॉलर धरली, तुझं सगळं काम आजपासून बंद म्हणाला, आणि त्याच्या फाटक्या ओठावर परत एक दिली.

मॅनेजरच्या नाकाचं पुढं काय झालं ते मी सांगत नाही. अण्णाची ती मी मोजलीही नाही, पैज तोवर संपली होती.

चौकीत आम्ही तिघं एका बाकावर. अण्णाचा कोट एका बाहीचा उरलेला, मी गालात रुमाल धरलेला. हवालदारानं आधी आम्हाला दमात घेतलं, मग हॉटेलवाल्यांना बाजूला घेतलं. वाट्यांची तक्रार लेखी होणार म्हटल्यावर मॅनेजरचं नाक आपसूक दुखायचं थांबलं. मिटवून टाका, म्हणाला. हवालदारानं सगळी हकिगत ऐकली, शेवटी विचारलं की जेवलात का. आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यानं ड्रॉवरमधून स्वतःचा डबा काढला, भेंडीची भाजी आणि तीन पोळ्या. मला चावता येत नव्हतं. बापलेक एकाच डब्यातून जेवले. अण्णा उजव्या हातानं जेवला.

अण्णा हात धुवायला गेला तेव्हा हृषीनं विचारलं, "काका, मला का मारलंत?"

"पैज जिंकायची होती," मी म्हणालो.

तो खिशातून मोडका चष्मा काढून त्याची काडी सरळ करत राहिला. एकच काच शिल्लक होती.

"अण्णांचा खांदा मलाही दिसला होता," तो म्हणाला. "त्यांनी मारलं असतं ना, तर मी आळीत परत पाय ठेवला नसता. मी ठरवूनच बसलो होतो."

"मग आता?"

"आता काय. तुम्ही मारलंत. तुमच्यावर कसला रुसणार."

रविवारी दहाच्या आधीच चौक भरला. आजूबाजूच्या पेठेतनंही लोक आले होते, गच्चीवर बायका, दुकानं बंद. दामूअण्णा थोबाडीत खाणार ही बातमी म्हणजे सूर्यग्रहण. तो आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बरोबर दहाला आला आणि मधोमध उभा राहिला. कुणाकडं बघितलं नाही. गोदाक्का खुर्चीवर बसल्या होत्या. हृषी आईबरोबर मागं भिंतीला टेकून उभा, ओठाला टाके.

मी बाह्या वर केल्या, तळव्यावर थुंकलो, दोन बैठका मारल्या. लोक हसले. मग मी तोंड वाकडं केलं आणि गोदाक्कांना म्हणालो की मारामारीत हात मुरगळलाय, माझ्या वतीनं दुसऱ्यानं मारली तर चालेल का?

"पट्टी डाव्या हाताला बांधलीयस," गोदाक्का म्हणाल्या.

"दुखणं फिरतं आहे."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग माझ्यामागं कोण उभं आहे ते बघितलं. चालेल, म्हणाल्या. कोण मारणार?

मी हृषीकडं बोट केलं.

हृषी मान हलवायला लागला. वहिनींनी त्याच्या पाठीला हात लावला. ढकललं की धरलं, मला सांगता येणार नाही. अण्णा वळला आणि मुलाच्या समोर उभा राहिला. "ये," एवढंच म्हणाला.

हृषी आला. हात उचलला आणि मारली. टप असा आवाज आला, पोळपाटावर पोळी पडावी तसा. अण्णाची मान हलली नाही.

"कोपर बाहेर गेलं," अण्णा म्हणाला. "कोपर अंगाशी ठेव. मनगट सैल सोड, जोर खांद्यातून येऊ दे. परत मार."

गोदाक्का म्हणाल्या, ठरली होती एकच.

"ती धरू नका," अण्णा म्हणाला. "ती चुकली."

हृषीनं पाय रोवले. कोपर अंगाशी घेतलं. त्याचा खांदा बोटभर मागं गेला, आणि मी डोळे मिटून घेतले, मी, ज्यानं हे सगळं जमवून आणलं होतं. आवाज असा झाला की आळीच्या दुसऱ्या टोकाला ओट्यावर बसलेले, ठोक्यांनी ठार बहिरे झालेले दोन म्हातारे तांबट वळून बघायला लागले.

मी डोळे उघडले तेव्हा अण्णा एका गुडघ्यावर होता. ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं, सदऱ्यावर थेंब पडत होते. पुढं व्हायची कुणाची छाती होईना. त्यानं जमिनीवर हात टेकला, उठला, जीभ सगळ्या दातांवरून फिरवून घेतली.

"गोदाक्का," तो म्हणाला, "ही धरा."